अंगाचा रंग कोणत्या पेन्सिलीत असतो?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, वाचक मैत्रिणींसाठी)

मैत्रिणींनो, जेवणं झाली असतील तर रेडिओजवळ येऊन बसा. भांडी राहिली असतील तर आवाज थोडा मोठा करा, हात चालू ठेवून ऐका. आज आम्ही रंगांची गोष्ट घेऊन आलोय. रेडिओवर रंग दिसत नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. पण रंगांशी रोजची ओळख असलेल्या बायकांपुढे बोलतोय, त्यामुळे काळजी नाही. हळद म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हळद उभी राहते. गेरू म्हटलं की तुळशीचा कट्टा दिसतो. तेवढं पुरे आहे.

गोष्टीची सुरुवात आमच्या बचत गटाच्या बैठकीत झाली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा यायचा होता. ज्या घरी बसलो होतो तिथली पाचवीतली पोरगी कोपऱ्यात चित्र रंगवत होती. विषय होता ‘माझी आई’. हिरवी साडी, लाल काठ, डोक्यावर गवताचा भारा, मागं उसाचं रान. सगळं झकास जमलं होतं. फक्त तोंड आणि हात फिकट गुलाबी होते.

आईनं चित्र हातात घेतलं आणि म्हणाली, “ही कोण गं बाई? ही मी न्हवं.”

पोरगी म्हणाली, “मग काय करू? अंगाचा रंग हाच असतोय. पेटीत ह्याच पेन्सिलीला सगळी पोरं अंगाचा रंग म्हणत्यात.” आणि मग जरा थांबून, हळूच, “तुझा खरा रंग दिला होता एकदा. चित्र काळं दिसाय लागलं. तसल्या चित्राला नंबर येत नाही.”

बैठकीत कुणी काही बोललं नाही. आई हसली, पण ते हसणं कसलं होतं हे आम्हां सगळ्यांना कळलं. आमच्यातल्या बहुतेकींनी लग्नाच्या बोलणीत स्वतःच्या रंगाविषयी काहीबाही ऐकलेलं आहे. आता तेच पोरीच्या रंगपेटीतून घरात आलं होतं.

त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. म्हणून आम्ही काहीजणींनी ठरवलं, या रंगपेटीचा इतिहास शोधायचा. पुस्तकं वाचली, शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारलं, कोल्हापुरात टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन जुनी चित्रं बघितली. जे हाती लागलं ते आज सांगतो. शेवटी ती पेन्सिल हातात कशी धरायची आणि आईचं तोंड कसं रंगवायचं, हेही सांगू.

रंगाची विद्या आपल्या चुलीपाशी

आधी घरातलंच बघू. हळदीत चुना कालवला की ती लाल होते. पूर्वी कुंकू असंच करत. पिवळ्या लुगड्यावरचा हळदीचा डाग साबणानं घासला की लालसर होतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. शाळेत याला आम्ल आणि अल्कली म्हणतात. शाळेत न गेलेल्या आजीलाही हे माहीत होतं.

नीळ बघा. पांढरं धोतर जुनं झालं की पिवळट दिसतं. त्याला नीळ दिली की पांढरं होतं. खरं तर पिवळेपणा निघून जात नाही. निळसर छटा वरून आली की डोळ्याला पिवळा दिसेनासा होतो. एका रंगावर दुसरा रंग चढवून तिसरा परिणाम साधायचा, ही चित्रकाराचीच युक्ती झाली.

वाकळ शिवताना तुम्ही काय करता? सगळ्या भडक चिंध्या एका ठिकाणी लावत नाही. लालाशेजारी हिरवी लावली की दोन्ही उठून दिसतात, हे तुमच्या हाताला कळतं. रांगोळीत आधी ठिपके, मग रेघ, मग फिका रंग, मग गडद. गडद आधी टाकला तर फिका त्यात मळतो. हे नियम कुणी पुस्तकातून शिकलं नाही. पण पुस्तकात तेच आहेत, आणि ते पुस्तकात कसे गेले ते ऐकण्यासारखं आहे.

पुस्तकात रंग कसे गेले

इंग्लंडमध्ये न्यूटन नावाचा शास्त्रज्ञ होता. १६६६ च्या सुमारास त्यानं अंधाऱ्या खोलीत एका भोकातून उन्हाची तिरीप घेतली आणि ती काचेच्या लोलकातून पलीकडं सोडली. भिंतीवर इंद्रधनुष्य उमटलं. पांढऱ्या उन्हातच सगळे रंग दडलेले असतात, हे त्यानं दाखवलं. १७०४ साली त्याचं प्रकाशावरचं पुस्तक निघालं. त्यात त्यानं हे रंग गोलात मांडले. मुलांच्या पुस्तकात आज जे रंगचक्र असतं, त्याचं मूळ तिथं आहे.

त्याच शतकात छपाई करणाऱ्यांना कळलं की लाल, पिवळा आणि निळा या तीन रंगांचे ठसे एकावर एक उठवले तर चित्रातले बाकीचे रंग त्यातून निघतात. पिवळ्यावर निळा चढवा, हिरवा. पिवळ्यावर लाल, नारिंगी. लालावर निळा, जांभळा. तिन्ही एकत्र आले की मातकट, तपकिरी. हा तपकिरी ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आता एका बाईची गोष्ट. मेरी गार्टसाइड नावाची इंग्लंडमधली शिक्षिका बायकांना फुलं रंगवायला शिकवायची. १८०५ साली तिनं पुस्तक काढलं. वरवर ते चित्रं रंगवायचं पुस्तक होतं, पण आत रंगांचं पुरतं शास्त्र होतं. कोणता रंग उजेडाचा, कोणता सावलीचा, कोण कुणाशेजारी शोभतो, हे सगळं. शास्त्र लिहिणं हे बायकांचं काम नव्हे, असं मानणारा तो काळ. ती शास्त्रज्ञ म्हणून फारशी गाजली नाही. पण रंगशास्त्रावर पुस्तक छापणाऱ्या पहिल्या बायकांत तिचं नाव घेतात.

आणि मग फ्रान्समधला शेव्हरल. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा मोठा विणकामाचा कारखाना होता, तिथल्या रंगाईखात्यावर तो १८२४ साली आला. तक्रार होती की काळा धागा नीट रंगत नाही, विणल्यावर मळकट दिसतो. शेव्हरलनं धागा तपासला. धाग्यात काही खोट नव्हती. खोट शेजारात होती. काळ्याच्या बाजूला निळा आणि जांभळा धागा विणला होता, त्यानं काळा फिका वाटत होता. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. सार एवढंच: रंग एकटा कधी दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो.

खरं वाटत नसेल तर आज करून बघा. एकाच तपकिरी चिंधीचे दोन तुकडे करा. एक पांढऱ्या शुभ्र कापडावर ठेवा, एक गडद निळ्या कापडावर. पांढऱ्यावरचा तुकडा काळपट दिसेल, निळ्यावरचा उजळ आणि उबदार दिसेल. चिंधी तीच.

आता त्या पोरीचं बोलणं आठवा. “तुझा खरा रंग दिला, चित्र काळं दिसाय लागलं.” कागद कसा होता? पांढरा शुभ्र, मोकळा. आईचा रंग चुकला नव्हता. शेजारी फक्त पांढरा होता, म्हणून तो काळा वाटला. हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. एवढं साधं होतं, आणि कुणी सांगितलं नव्हतं.

गोऱ्या देवी आणि कोल्हापूरचे चित्रकार

मग गोरा रंग चित्रांत एवढा का भरला? त्याची कारणं पुष्कळ आहेत, जुनी आहेत. पण घराघरांतल्या चित्रांपुरतं बघायचं तर राजा रविवर्मांच्या छापखान्यापाशी यावं लागतं. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकेक रंग एकावर एक छापायचा. तोवर देवाचं रंगीत चित्र बहुतेक राजवाड्यात किंवा देवळात. या छापखान्यामुळं लक्ष्मी आणि सरस्वती साध्या घराच्या भिंतीवर आल्या. ही मोठीच गोष्ट झाली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही घरात देवाचं चित्र आलं. पण त्या छापील देवी बहुतेक गोऱ्या होत्या. पुढं कॅलेंडरं आली, जाहिराती आल्या. सुंदर बाई म्हणजे फिकट गुलाबी बाई, हे चित्र डोळ्यांत बसत गेलं.

आपल्या कोल्हापुरात मात्र रंगाकडं बघायची आणखी एक रीत रुजली, आणि तिच्याबद्दल आम्हांला अभिमान वाटतो. ती रीत अशी: नावावर जाऊ नका, डोळ्यानं बघा.

छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाला आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, आणि कोल्हापुरात परत येऊन राहिले. इथली तळी, झाडी, सकाळ, संध्याकाळ त्यांनी रंगवली. त्यांची चित्रं टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहेत. जवळ जाऊन बघा. पाणी आहे म्हणून निळा फासला, झाड आहे म्हणून हिरवा फासला, असं तिथं नाही. संध्याकाळच्या पाण्यात तांबूस आहे, करडा आहे, जांभळट आहे. सावलीतही रंग आहेत. कोल्हापुरात आजही सांगतात, की १९२२ साली महाराज गेल्यावर आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. १९३१ साली ते गेले. जी चित्रं उरली, त्यांच्यावर पुढचे चित्रकार शिकले.

महादेव विश्वनाथ धुरंधर हेही कोल्हापूरचेच. जन्म १८६७. पुढं ते जे. जे. स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या मोठ्या पदाला पोचले. त्यांनी बायकांची शेकडो चित्रं काढली. ऑटो रॉथफेल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भारतातल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं, त्यातली रंगीत चित्रं धुरंधरांची. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातींच्या, धंद्यांच्या बाया त्यात आहेत. कष्टाची बाई चित्राचा विषय होऊ शकते, हे त्यांच्या हातानं दाखवलं. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर १९३१ साली जे. जे. स्कूलची पदविका घेऊन चित्रकार झाली. तिथून पदविका घेणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत ती होती.

काळ्यापांढऱ्यात रंग शिकवणारे बाबूराव

तिसरं नाव तुम्हां सगळ्यांना ठाऊक असेल, बाबूराव पेंटर. आडनाव मेस्त्री, जन्म १८९०, कोल्हापूर. भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यावरून लोकांनी पेंटर हेच आडनाव करून टाकलं. सिनेमाचा नाद लागला, पण विलायती कॅमेरा परवडेना. आनंदराव मध्येच वारले. शेवटी बाबूरावांनी साथीदारांना घेऊन कॅमेरा इथंच बनवला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायला पैसा कुणी दिला? गायिका तानीबाई कागलकर यांनी. बाईच्या पैशावर कोल्हापूरचा सिनेमा उभा राहिला, हे आपल्या गटात सांगत जा.

१९२० साली ‘सैरंध्री’ आला. बायकांची कामं पुरुषांनी करायचा तो काळ. बाबूरावांनी बायकांच्या भूमिका बायकांना दिल्या. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते, ही गोष्ट. बचत गटवाल्यांना ती वेगळी सांगायला नको.

हे सिनेमे काळेपांढरे आणि मुके. मग रंगाच्या भाषणात ते कशाला? त्यांत रंगाचा मोठा धडा आहे, म्हणून. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू पडद्यावर काळी दिसे, आणि निळी पांढुरकी. म्हणजे लाल लुगडं काळं, आणि निळं आभाळ कोरं. पडदे रंगवणाऱ्या माणसाला रंग सोडून द्यावे लागले आणि एकच प्रश्न विचारावा लागला: हे शेजारच्यापेक्षा गडद की फिकं? चेहरा दिसतो तो या फरकामुळं. नाकाच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, म्हणून नाक वर आलेलं दिसतं. रंग कितीही सुंदर असला आणि उजेड-सावली नसली, तर तोंड चपटं दिसतं, थाळीसारखं.

याची परीक्षा तुमच्या मोबाइलवर करता येते. मुलीच्या चित्राचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. तोंड, साडी, रान सगळं सारखंच करडं दिसलं, तर चित्रात उजेड-सावली कमी आहे. वेगवेगळं दिसलं, तर चित्र बरोबर चाललंय.

पेटीतल्या पेन्सिली आल्या कुठून

आता रंगपेटीकडं येऊ. जर्मनीतल्या फाबर-कास्टेल कंपनीनं १९०८ साली चित्रकारांसाठी ६० रंगांच्या पेन्सिलींचा संच काढला. त्याआधी अमेरिकेत १९०३ साली क्रेयोला या नावानं मेणखडूची पहिली पेटी निघाली होती, आठ रंगांची. ते नाव मालकाच्या बायकोनं, ॲलिस बिनीनं ठेवलं. ती आधी शिक्षिका होती. आपल्याकडं दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या धंद्यातून कॅम्लिनची सुरुवात केली, आणि १९६० च्या दशकात ही कंपनी रंगांकडं वळली. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची पहिली रंगपेटी हीच. त्याच दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये युकिओ होरिए यांनी धाग्यांच्या टोकाचं पेन काढलं. आपण आज ज्याला स्केचपेन म्हणतो, त्याचं हे घराणं.

आणि आता आमच्या प्रश्नाचं मूळ. त्या अमेरिकन मेणखडूंत एका फिकट गुलाबी खडूचं नावच होतं ‘कातडी’. काळे लोक तिथं बरोबरीच्या हक्कासाठी झगडत होते. त्या वाऱ्यात, १९६२ साली, कंपनीनं ते नाव बदलून ‘पीच’, म्हणजे त्या नावाच्या फळाचा रंग, असं केलं. खडू तोच राहिला, फक्त त्यानं सगळ्या माणसांच्या वतीनं बोलणं बंद केलं. २०२० साली त्याच कंपनीनं जगभरच्या माणसांच्या अंगांच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. म्हणजे एका अंगाच्या रंगावरून चोवीसवर यायला साठएक वर्षं लागली. आपल्या गावात मात्र पोरं अजून त्या फिकट पेन्सिलीलाच अंगाचा रंग म्हणतात.

चोवीस छटांची पेटी आणायला पैसे नकोत का? नको आणू या. बारा रंगांची साधी पेटी पुरते. माणसाच्या अंगाचा रंग गेरू, हळद आणि काजळ यांच्या घरातला असतो. गोरी असो, सावळी असो, काळी असो, सगळ्यांच्या रंगात पिवळा, लाल आणि निळा हेच तिघं कमीजास्त असतात. वर तपकिरी ध्यानात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

आईचं तोंड कसं रंगवायचं

आता पोरांना हाका मारा, हे त्यांच्यासाठी.

कागद गुळगुळीत नको. थोडा खरखरीत असला की रंग धरतो. पेन्सिलीला टोक हवं, आणि हात हलका. पेन्सिल थोडी मागं धरली की हात आपोआप हलका होतो.

पहिलं काम, तोंडामागचा कागद रंगवा. तोंड नंतर. सावळ्या रंगात नारिंगीचा अंश असतो, आणि रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळा बसतो. म्हणून मागं फिका निळा किंवा निळसर हिरवा दिला की सावळं तोंड उजळून उठतं. शेव्हरलचा नियम आपल्या कामाला आला.

मग तोंडावर आणि हातावर पिवळ्याचा पातळ थर द्या. कपाळाचा मधला भाग, नाकाचा दांडा, गालाचं हाड इथं जवळजवळ कोरं सोडा. ऊन तिथं पडतं. त्यावर नारिंगी, तोही पातळ. गाल, कान, ओठ, बोटांची टोकं इथं थोडा लाल. मग तपकिरी. उजेडाच्या बाजूला एक थर, सावलीच्या बाजूला दोन-तीन. रेघा एकाच दिशेनं ओढू नका. गालावर गोल गोल फिरवा, हातावर हाताच्या वळणानं.

सावली काळ्यानं करू नका. हनुवटीखाली, नाकाच्या बगलेला, पदराच्या कडेला जांभळा किंवा निळा हलका फिरवा आणि त्यावर पुन्हा तपकिरी. सावली खोल दिसेल आणि मळकट दिसणार नाही. काळी पेन्सिल फक्त डोळ्याच्या बुबुळाला आणि केसांना. केसांतसुद्धा आधी निळा, वर काळा, आणि तेलाची चमक दिसते तिथं कोरा कागद.

शेवटी जोर. रंगीत पेन्सिलीत मेण असतं. सुरुवातीलाच दाबून रंगवलं की कागदाची बारीक भोकं मेणानं भरतात, आणि पुढचा थर घसरतो. म्हणून सगळे थर बसल्यावरच पांढरी किंवा पिवळी पेन्सिल दाबून फिरवायची. रंग एकमेकांत मिसळून चकाकी येते. घाई केली की हे साधत नाही. भाकरी थापताना कडा फाटते, तसंच आहे.

स्केचपेनची रीत निराळी. त्यात पाण्यात विरघळलेला रंग असतो. तो कागदात मुरतो, पुसता येत नाही. एका जागी पुन्हा पुन्हा फिरवलं तर कागदाचा कुटका निघतो. म्हणून एका दिशेनं, न थांबता रेघ ओढायची. फिका रंग आधी, तो वाळू द्यायचा, मग गडद. ओल्या निळ्यावर पिवळं पेन फिरवलं तर पेनाचं टोक कायमचं हिरवट होतं. तोंडाला स्केचपेन नको. साडीचा काठ, बांगड्या, पानं यांना शोभतं. दोन्ही वापरायचं असेल तर आधी स्केचपेन, वाळल्यावर पेन्सिल. उलटं केलं तर मेणावर शाई धरत नाही आणि पेनाचं टोकही बुजतं.

आणि हिरव्या साडीच्या चुण्या? हिरव्याच्या समोर लाल असतो. चुणीच्या खोलगट भागात लाल हलका फिरवा, वर हिरवा. चुणी आपोआप आत जाते.

शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, गावातल्या कितीतरी पोरी बसतात. पास झाल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात. एवढ्या साध्या गोष्टी वेळेवर कळल्या तर महागड्या क्लासवाचून त्यांचं काम भागेल.

पुढच्या बैठकीत हे करा

आम्ही हे सगळं त्या पोरीला सांगितलं. तिनं ते चित्र पुन्हा काढलं. रान तेच, साडी तीच. मागं संध्याकाळचं निळसर आभाळ. तोंडाला पाच थर दिले, दोन दिवस लागले. बैठकीला आम्ही सगळ्या जमलो तेव्हा तिनं कागद आईपुढं धरला. आईनं बराच वेळ बघितलं. मग स्वतःचा हात चित्राशेजारी धरला आणि म्हणाली, “हाताला अजून एक थर दे. उसातनं आलेत ते.”

पोरीनं तिथंच बसून तो थर दिला. चित्र आता त्यांच्या कपाटाच्या दारावर आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास हे करा. प्रत्येकीनं कागदावर आपला हात ठेवून त्याची कड काढायची. मग पिवळा, नारिंगी, लाल, तपकिरी, निळा एवढ्या पाच पेन्सिली मध्ये ठेवून आपला हात आपल्याच रंगात रंगवायचा. थर मोजून कागदाच्या कोपऱ्यात लिहायचे. कुणाचे तीन होतील, कुणाचे सात. मग ते सगळे हात एका भिंतीवर लावा, आणि आपल्या पोरींना विचारा की यातला अंगाचा रंग कोणता. त्या काय म्हणतात ते आम्हांला नक्की कळवा.